डावा पाय घरी ठेवून

नाही बाबूजी, ती गाडी कबाड्याला भंगारात द्या असं मी म्हणायचो ते आजही मला चुकीचं वाटत नाही. आता तुम्ही तोंड फिरवून बसाल, उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवाल आणि म्हणाल, "झालं का बोलून तुयं?" नाही झालं. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली तरी माझं बोलून झालेलं नाही. क्लच नसलेली गाडी, तीही दुसऱ्यानं वापरून टाकलेली, तीही गोंदियाच्या एका राइस मिलच्या शेडात कोंड्याच्या पोत्यांमागं इतके दिवस उभी की मागच्या सीटमध्ये उंदरांनी पिलं घातलेली. ती तुम्ही धानाच्या पैशातून घरी आणली. गोरेगावात तेव्हा तशी दुसरी गाडी नव्हती. बिघडली तर पाना कोण लावणार, सामान कुठून येणार, काही म्हणजे काही विचार केला नाही. मी विचारलं तर म्हणालात, "तू कायले काळजी करतं? तू तं उद्या कोठी राहशीन ते तुलेच माहीत नाई." खरं होतं ते. पण मी गाडीचं विचारत होतो आणि तुम्ही माझं सांगत होता. आपलं भांडण नेहमी असंच व्हायचं.

तुम्ही ती का घेतली ते मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच जास्त राग यायचा. तुम्ही जन्मभर ड्रायव्हर. आधी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चिखलणी केली, मग गोरेगाव ते गोंदिया काळी-पिवळी जीप चालवली, दहाच्या जागी सोळा माणसं आणि टपावर कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन. मग एका सकाळी चहाची बशी तुमच्या डाव्या हातातून सुटली आणि त्या दिवसापासून शरीराची ती अर्धी बाजू लकव्यानं नेली. लोक म्हणाले, वाचले, बोलता येते, हे काय कमी आहे. पण ड्रायव्हरच्या दृष्टीनं बघा ना. डावा पाय गेला म्हणजे क्लच गेला. डावा हात गेला म्हणजे गिअरचा दांडा गेला. जीप विकली आणि तुम्ही ओट्यावर खाट टाकून रस्त्याकडं तोंड करून बसायला लागलात. जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा गिअर तुम्ही तोंडानं मारायचे. "दुसरा टाक बे, दुसरा," असं पुटपुटायचे. माय आतून म्हणायची, "कोनाशी बोलून राहिले?" आणि तुम्ही म्हणायचे, "कोनाशीच नाई."

म्हणून गिअर आपोआप पडणारी गाडी. एवढं ठीक होतं. पण ती आपोआप पाडत कुठं होती? गोंदियाच्या रस्त्याला लागलं की ती चाळीसवर जाऊन रडायला लागायची. इंजिन असं किंचाळायचं की धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघायच्या. मी शेजारी बसून दात आवळून आहे. गिअर पडत नाही, पडत नाही, आणि मग तुम्ही पाय उचलता. उजवा पाय ॲक्सिलेटरवरून उचलून एक श्वासभर थांबता, खालून धप्प असा आवाज येतो, गाडी जरा मान हलवते आणि पुढचा गिअर पडतो. मग पुन्हा पाय, पुन्हा किंचाळणं, पुन्हा उचलणं. आणि त्या सगळ्या वेळात तुमचा डावा हात दांड्यावर. गाडी सुरू करायच्या आधी तुम्ही उजव्या हातानं त्याचं मनगट धरून उचलायचे आणि झोपलेल्या लेकराला ठेवावं तसा तो दांड्यावर ठेवून द्यायचे. त्या हाताचं तिथं काही काम नव्हतं. गिअर पडला की दांडा थोडा थरथरायचा, त्याच्याबरोबर तो हातही. मला बघवायचं नाही. मी खिडकीबाहेर बघत म्हणायचो, "बिघडली आहे ही गाडी, गिअरचा डबा गेला आहे हिचा." तुम्ही म्हणायचे, "बिघडली नाई. तिले सांगा लागते." मी म्हणायचो, सांगावं लागतं तर आपोआप कसली? तुम्ही हसायचे. बोनेट उघडून बघतो म्हटलं की मात्र हसू जायचं. "हात नको लावू तिले. तुले जीपच्या पलीकडं काय समजते?"

एकदा मला चालवायला दिली होती तुम्ही, नवेगावच्या तलावावर झिंगे घ्यायला गेलो होतो तेव्हा. परतीला तुमचा हात थकला होता. मी जीपवर शिकलेला. निघालो, जरा वेग आला, आणि सवयीनं डावा पाय क्लच समजून दाबला. तिथं क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. गाडी जागच्या जागी उभी राहिली, तुमचं कपाळ समोर आपटलं आणि झिंग्यांची पिशवी फुटून सगळे झिंगे पायाखाली. मला वाटलं आता शिव्या. तुम्ही कपाळ चोळत म्हणालात, "या गाडीत बसाचं असन तं डावा पाय घरी ठेवून ये. मी ठेवलाच हाय ना." आणि स्वतःच इतके हसलात की डोळ्यांत पाणी आलं. मी हसलो नाही. मला तेव्हा कशावरच हसू यायचं नाही. घरी येईपर्यंत मी एकच बोललो की कबाड्याकडं बोलून ठेवतो. तुम्ही म्हणालात, "तुयं बी या गाडीसारखंच हाय. आवाज मोठा, रस्ता काई सरत नाई."

त्यावर मी रस्ता सरवून दाखवला. शाळा आठवीत सोडलेली, हाताला पान्याशिवाय काही येत नव्हतं. नागपुरात टायरच्या दुकानात लागलो, ते सोडलं. पुण्यात सर्व्हिसिंग सेंटरला गाड्या धुतल्या, ते सोडलं. तुम्ही गेलात तेव्हा मी सुरतेत होतो, तेही नंतर सोडलं. आता मस्कतला आहे आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण चार वर्षं एकाच ठिकाणी आहे. इथं क्लचची गाडी शोधून सापडत नाही. सगळ्या तुमच्या गाडीसारख्या, आपोआप गिअरच्या, आणि मी दिवसभर त्यांचेच डबे खोलतो. आमचा फोरमन मल्याळी म्हातारा आहे, तोंड खराब, कान सोन्याचे. गिअर उशिरा पडतो, झटका मारून पडतो, दोन गिअरांमध्ये गाडी घसरते, मागे जात नाही, अशा तक्रारी घेऊन लोक येतात आणि आम्ही पोरं लगेच डबा उतरवायला धावतो. तो ओरडतो, "पहले तेल देखो, फिर तार देखो, फिर चलाके देखो। डिब्बा लास्ट में।" पहिली दोन वर्षं मला हे ऐकताना तुमची आठवण आली नाही, हे सांगून टाकतो. तुमची गाडी माझ्या डोक्यात गेलेल्या डब्याची गाडी म्हणून पक्की बसली होती. गेलेली गोष्ट, तिच्याबद्दल काय विचार करायचा.

तिचं पुन्हा नाव निघालं ते आपल्या लहानीमुळं. लहानी नर्स झाली, बाबूजी. तुम्ही गेलात तेव्हा दहावीत होती. आता तिला सालेकशाच्या पुढं जंगलातल्या एका उपकेंद्रात नोकरी लागली. गोंदियावरून रेल्वेनं सालेकशापर्यंत जाता येतं, पण स्टेशनापासून पुढं मोहाची झाडं आणि तेंदूपानाची फडी सोडून काही नाही, आणि जी एक एसटी जाते ती तिच्या ड्यूटीच्या वेळेला जात नाही. म्हणजे एकतर रोज स्वतःच्या गाडीनं ये-जा करायची, नाहीतर तिथंच खोली करून राहायचं. खोली करून राहिली तर माय घरी एकटी. आणि मायला साखर झाली आहे, सुई घ्यावी लागते, सकाळ-संध्याकाळ लहानीच देते. मायला आता सुईवरच्या रेघा दिसत नाहीत. मागच्या पावसाळ्यात साखर उतरून गोठ्यात पडली होती, गाय हंबरली म्हणून शेजारची धावली. तिला म्हटलं लहानीसोबत जाऊन राहा, तर म्हणते, "गाय कोन पाहन? अना माहं घर?" स्कूटी घ्या म्हटलं तर तीच माय म्हणते की त्या रस्त्यानं लेकीला अंधारी स्कूटीवर सोडणार नाही, अस्वलं फिरतात. राहिली तुमची गाडी. मामानं मधली काही वर्षं लग्नाकार्याला वापरली आणि पेट्रोल पिते म्हणून आणून लावली. लहानीनं नवी बॅटरी टाकली, गाडी चालू झाली आणि चाळीसवर जाऊन तशीच किंचाळली. गोंदियाच्या मिस्त्रीला दाखवली. त्यानं एक चक्कर मारली आणि म्हणाला, "गिअरबॉक्स गया, बहनजी। इतने में तो दूसरी गाडी आएगी। कबाडी को दे दो।" बाजाराच्या दिवशी कबाडी येणार असं ठरलं. लहानीचा मला फोन, रडत नव्हती, तापली होती. "दादा, तू तं येत नाहीस. गाडीचं तरी सांग काही. नाहीतर मी खोली पाहून येते, अना मायचं तू पाहून घे तिकडून."

मी म्हणणार होतो, देऊन टाक. जिभेवर आलं होतं. पण फोनमध्ये मागून ती चालू होती, उभ्या जागी, आणि मला तो आवाज आजारी वाटला नाही. चार वर्षं दुसरं काही ऐकलं नाही मी. म्हटलं, थांब, शुक्रवारी मला सुट्टी आहे, सकाळी गाडी सपाट जागी उभी कर.

शुक्रवारी व्हिडिओ लावला. अंगण, तुमची खाट, खाटेवर वाळत घातलेली लाखोरीची डाळ, आणि मधे बोनेट उघडून ती. म्हटलं आधी इंजिन गरम होऊ दे, बंद नको करू, दांडा सगळ्या खुणांवरून एकदा फिरवून परत पार्किंगला आण, आणि मग डब्याचं तेल मोजायची ती लांब पट्टी ओढ. लहानी म्हणाली, "चालू इंजिनात? काल तं बंद करून पाह्यलं मी." म्हटलं, बंद करून दिसते ते खोटं दिसते. पट्टी पुसून पुन्हा घातली, ओढली, कॅमेऱ्यासमोर धरली. तेल खुणेच्या जरा खाली. रंग विचारला. "लाल. थोडं मळकं, पन लालच." वास घे म्हटलं. ती म्हणाली, "रोज लोकायच्या जखमा हुंगते, आता गाडीची हुंगते." हुंगली. "जळका येते का?" "नाही रे. तेलाचा येते, दुसरा काहीच नाही." बाबूजी, त्या क्षणी मी इथं माझ्या खाटेवरून उठून उभा राहिलो. डबा गेला असता तर तेल काळं झालं असतं, आतल्या प्लेटा जळल्याचा वास आला असता. माय दारातून म्हणाली, "काय म्हनते तो? गाडी द्याची की नाई?" लहानी म्हणाली, "थांब म्हनते." माय म्हणाली, "त्याच्या बापालेबी मी हेच म्हनत होती. देऊन टाका. ऐकलं कोनी माहं?"

मग चालवून बघायचं. लहानी ड्रायव्हिंग स्कूलच्या क्लचवाल्या गाडीवर शिकलेली. मायला फोन धरायला देऊन मागच्या सीटवर बसवलं. माझ्या स्क्रीनवर निम्मा वेळ मायचं नाक आणि निम्मा वेळ छत. निघाल्या, जरा वेग घेतला, आणि मला धाडकन आवाज आला, फोन पडला, आणि खालून मायचा, "मारतं काय वो मले!" मला न विचारता कळलं काय झालं ते. मी ओरडून म्हटलं, "लहाने, डावा पाय घरी ठेवून ये." मग माय म्हणाली, "हे तं ह्यायचं बोलनं." मी म्हटलं, हो, त्यांचंच आहे. लहानीनं डावा पाय सीटखाली दुमडून घेतला आणि पुन्हा निघाली. चाळीस झाले, किंचाळायला लागली. म्हटलं, आता पाय उचल. "कायले?" उचल तर. तिनं उचलला. धप्प. इथं मस्कतला खोलीत बसून मी तो धप्प ऐकला. म्हटलं, पुन्हा दाब, पुन्हा उचल. पुन्हा धप्प. एक, दोन, तीन, चौथासुद्धा, सगळे गिअर होते, बाबूजी. एकही गेला नव्हता. फक्त कोणीतरी त्यांना अडवून धरलं होतं.

हे मी इथं रोज बघतो. ॲक्सिलेटर दाबला की एक तार इंजिनाला जाते आणि तिथूनच दुसरी एक तार डब्याला जाते. ती डब्याला सांगते की पाय किती दाबला आहे. हलका पाय असेल तर डबा गिअर लवकर सोडतो, जोरात असेल तर चढ आहे असं समजून खालचाच धरून ठेवतो. ती तार जास्त ओढलेली असली की बिचाऱ्या डब्याला सपाट रस्त्यावरही चढच वाटतो. पाय पूर्ण उचलला की त्याला वाटतं आला माथा, आणि तो गिअर सोडतो. लहानीला म्हटलं, बोनेट उघड, इंजिनाजवळ दोन तारा शेजारी शेजारी दिसतील, दुसऱ्या तारेचं कवच जिथं पत्र्यात बसतं तिथं कॅमेरा ने. तारेवर एक बारीक गोळी असते, ती कवचाच्या तोंडाला टेकलेली पाहिजे. कॅमेरा जवळ आला. गोळी टेकलेली नव्हती, चांगली बोटभर बाहेर ओढलेली होती. आणि तिथले नट दिसतच नव्हते. त्यांच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, घट्ट, एकावर एक, आणि शेवटी टोक खालून ओढून घेतलेलं.

ती गाठ मला दाखवायला नको. घरात फावड्याच्या दांड्याला तीच, पंपाच्या पाइपाला तीच, तुमच्या चष्म्याच्या काडीलाही बारीक कापून तीच. पण लकव्यानंतर तुम्हाला एका हातानं ती बांधता येत नव्हती. लहानी बघत होती, मी बघत होतो. मग माय पुढं आली आणि म्हणाली, "ते मीच बांधलं. ते सांगत होते अना मी बांधत होती. पट्टी दातात धरून ओढली, अजून चव हाय तोंडात." मी विचारलं, कशासाठी? माय म्हणाली, "गाडी आनली तवा चांगलीच चालत होती. आवाज नाई, काई नाई. गोंदियापर्यंत जाऊन आलो आमी. घरी आल्यावर ह्यायचं तोंड उतरलेलं. मी म्हटलं काऊन, गाडी चांगली नाई का? तं म्हनते, आपोआपच सगळं होते तं मी कायले बसलो तिच्यात? मंग दुसऱ्या दिवशी मले पाना धराले लावला. म्हने, एवढी ओढ की मी पाय उचलल्याबिगर गिअर पडला नाई पायजे." लहानी म्हणाली, "माय, अना हे तू आजपर्यंत कोनाले सांगितलं नाहीस? मामानं चार वर्षं बोंब मारली, मिस्त्री झाला, कबाडी यायचा आहे!" माय म्हणाली, "मले कोनी इचारलं? गाडीचं बाईले कोन इचारते?"

मी फोन खाली ठेवला, बाबूजी. काय करायचं ते मला माहीत होतं, दहा मिनिटांचं काम, नट ढिले करायचे, गोळी कवचाला टेकवायची, पुन्हा आवळायचे. पण ते मी सांगितलं की तुमचा हात दांड्यावरून उचलून मांडीवर ठेवल्यासारखंच होतं. इतकी वर्षं मी त्याला बिघाड म्हणत होतो. तुम्ही एकदा तरी सांगायचं होतं. सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं तेही मला माहीत आहे, म्हणून जाऊ द्या. तिकडून लहानीचा आवाज येत होता, "दादा, आहेस का? सोडू का?" मी म्हटलं, सोड. आधी औषधाच्या बाटल्यांवर लिहायच्या पेनानं खूण कर, आत्ता कुठं आहे त्याची. ट्यूब फेकू नको म्हणणार होतो, तर दिसलं की मायनं आधीच उचलून पदराच्या टोकात बांधली होती.

सोडली तार. मी सांगत गेलो, ती फिरवत गेली. बस म्हटलं तिथं आवळली. मग पुन्हा तिघं निघालो, पुढं लहानी, मागं माय आणि मायच्या हातात मी. सडकेला लागली. लहानी म्हणाली, "पडला का? दादा, पडला! मी पाय उचललाच नाही!" मग थोड्या वेळानं, "दुसराबी पडला." हसत होती ती, अशी की मला ती दहावीतली वाटली. सालेकशाला रोज जाऊन येईन म्हणाली, मायला सकाळची सुई देऊन निघेन आणि संध्याकाळच्या आत घरी. माय खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, "माय, कशी वाटते?" ती म्हणाली, "बरं झालं. लय बोंबलत होती, डोकं उठे माहं." मग कान देऊन म्हणाली, "थोडी बोंबलतेच अजून." लहानी म्हणाली, "जुनी आहे माय, एवढं तं चालन." कबाड्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फोरमनला सांगितलं, तुमचं नाव न घेता, एका जुन्या गाडीची गोष्ट म्हणून. तो म्हणाला, "टाइट था, इसलिए बच गया। लूज होता तो प्लेट जलके कब का खलास।" म्हणजे तुम्ही ओढून ठेवली म्हणूनच तो डबा आजपर्यंत जिवंत राहिला. हे तुम्हाला माहीत नव्हतं, मला खात्री आहे. तुम्हाला फक्त गिअर मारायचा होता. तरी भांडणात हा एक मुद्दा तुमच्या बाजूनं लिहून देतो.

आणि आता जे मी लहानीला, मायला, फोरमनला, कोणालाच सांगितलेलं नाही ते. गोळी पूर्ण टेकवायची असते. मी टेकू दिली नाही. तुमच्या खुणेपासून तार बरीच सोडली, पण नटाचे शेवटचे दोन आटे राहू दिले आणि लहानीला म्हटलं, बस, हेच माप आहे. किंचित घट्ट बरी असं फोरमनही म्हणतो, पण त्याचं किंचित म्हणजे अर्धा आटा. हे किंचित नाही. लांब चढावर, सालेकशाच्या जंगलात कुठंतरी, गाडी अजूनही थोडी थांबेल, कोणी पाय उचलतं का म्हणून बघेल, आणि कोणी नाही उचलला तर मग स्वतःच गिअर टाकेल. त्यात लहानीचं पेट्रोल थोडं जास्त जळेल आणि ते तिच्या पगारातून जायला नको. हे लिहिलेलं तुमच्यापर्यंत नेणारं कोणी नाही, आणि घरी पाठवलं तर लहानी वाचेल आणि लगेच पाना घेऊन बसेल, म्हणून हे इथंच राहील. पैसे तेवढे जातील. टायर, विमा आणि डब्याचं तेल मिळून सतरा हजार, आणि तुमच्या दोन आट्यांचे वरचे दीड हजार. साडेअठरा हजार पाठवतो आहे.